विहाराच्या दारातल्या चपला

फोटोला फ्रेम करून देणाऱ्या दुकानात माझ्या पुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, दादाच्या फोटोखाली काय लिहायचं? ‘चाळीस वर्षं विहाराची सेवा’?”

“सेवा कसली! सगळे आत ध्यानाला बसले, की हे बाहेर चपला लावत बसायचे.”

“मग सेवाच की ती!”

“अगं, नजर अधू, आणि चष्मा घालायचा म्हणजे अपमान. याची डावी, तिची उजवी. निम्मा विहार दुसऱ्याची चप्पल घालून घरी जायचा.”

“आणि मग संध्याकाळभर एकमेकांच्या घरी अदलाबदल.”

“नुसती अदलाबदल? चहा, गप्पा. पोस्टमन आणि शिवणवाल्या बाईंचं लग्न त्यातूनच जमलं.”

“तुम्ही भन्तेजींकडे तक्रार नाही केलीत?”

“केली ना. ते हसले. निघताना त्यांच्या एका पायात माझी सँडल होती.”

“रविवारी दादाच्या शोकसभेला मात्र सगळ्यांना आपापल्याच चपला मिळाल्या.”

“म्हणून तर पाच मिनिटांत सगळे आपापल्या घरी. तेव्हापासून आपल्या दाराची कडी कोणी वाजवली नाही.”

“हो ना… वहिनी, तुमच्या डाव्या पायात ही कुणाची चप्पल?”

“ठाऊक नाही. आज ध्यान संपायच्या आधीच बाहेर आले आणि घातली.”

“मुद्दाम?”

“ज्याची असेल तो येईलच की संध्याकाळी. जाताना दूध जास्तीचं घेऊ.”