फाटकावरची झडती

ताई : अंबाडा सोडायला लावला मला, ट्रकवाल्यांच्या देखत. कारखान्यातल्या औषधाच्या गोळ्या केसांत लपवून नेते म्हणे मी. माणसाच्या अब्रूचं घटनेत काही लिहिलंय की नाही? तू वकील ना, सांग.

वकील : लिहिलंय. पण ताई, ते हक्क सरकारविरुद्ध. पोलिसाने हे केलं असतं तर उद्याच कोर्टात खेचला असता. कारखाना खासगी आहे.

ताई : म्हणजे फाटकाबाहेर मी नागरिक, आणि आत कोण? गुरंढोरं?

वकील : आत तू कामगार. तिथे करार चालतो.

ताई : शाळेत छडी मारून ते हक्क पाठ करून घेतले. तेव्हा नाही कुणी सांगितलं, की फाटकापर्यंतच म्हणून.

वकील : प्रत्येक हक्काला मर्यादा असते गं.

ताई : आणि माझ्या अंगाला हात लावायला? ते जाऊ दे. हे बंद पाकीट दिलंय, आत कसलासा कागद आहे. उद्या सही करून आणा, नाहीतर कामावर येऊ नका म्हणाले.

वकील : करून टाक सही. झडतीला संमती आहे एवढंच लिहिलंय. तिसरं कलम तर तुमच्याच सोयीचं आहे, झडती पडद्याआड होईल.

ताई : पाकीट मी अजून फोडलेलं नाही.

वकील : असे कागद सगळीकडे सारखेच असतात.

ताई : माझ्याकडे बघून बोल.

वकील : बरं, मी लिहिलाय. कंपनीचं काम मीच बघतो. माझ्यामुळे निदान पडदा तरी आला.

ताई : कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हेच. चल, खिसे रिकामे कर.

वकील : काय?

ताई : मघाशी पाणी प्यायला आत एकटाच गेला होतास. हे घर माझं आहे, सरकारचं नाही. खिसे उलटे कर. बूटही काढ.

वकील : सख्ख्या भावाला चोर ठरवतेस? लाज वाटते का काही?

ताई : चोर कोण म्हणालं? इथे सगळ्यांनाच तपासतात. नियम आहे.

(तो उठून उभा राहतो. दोन्ही हात खिशांवर.)

वकील : हात लावू नकोस मला.

ताई : नाही लावत. बस खाली. मला फक्त बघायचं होतं, तुला राग येतो का.

वकील : सही नाही केलीस तर नोकरी जाईल, ताई.

ताई : जाईल. कळव त्यांना, एक बाई सही करत नाही म्हणून. आणि ती तुझी कोण लागते, तेही सांग.