बादलीतला हात

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि डोंगरात अडकणाऱ्यांसाठी आपत्कालीन किट बनवणाऱ्या आपल्या कारखान्याचे मालक, व्यासपीठावर बसलेले डोंगर बचाव पथकाचे प्रमुख, शिलाई, पॅकिंग आणि गोदामातले माझे सहकारी, त्यांच्याबरोबर आलेली घरची मंडळी, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या त्या आपल्या मावशी, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. शिक्षण अर्धवट राहिलं, म्हणून सगळं लिहून आणलं आहे आणि ते वाचूनच दाखवणार आहे. काल मावशींनी मला बजावलं, "रडकं काही लिहू नकोस. मी घरी चालले आहे, वर नाही." मी प्रयत्न केला आहे. सगळीकडे जमलेलं नाही.

मघाशी मालकांनी मावशींना चांदीचा मुलामा दिलेला लायटर भेट दिला. आपण टाळ्या वाजवल्या. मावशींनी तो उघडला, बंद केला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाल्या, "कपाटात ठेवायला छान आहे, साहेब. किटमध्ये मात्र घालू नका." मालक हसले, पण जरा कसनुसं हसले. मालक, वाईट वाटून घेऊ नका. पेट्रोलचा लायटर नुसता पडून पडून कोरडा होतो, हे तुम्हीही जाणता. आणि मावशींनी आजवर कुठल्या लायटरला पहिल्या भेटीत चांगलं म्हटलं आहे?

बटण दाबून ठिणगी पाडणारा लायटर आला की त्या म्हणायच्या, "हा नवा जावई. घरात गोड, बाहेर नेला की रुसतो." झोताचा लायटर वाऱ्यात टिकतो, पण गॅस पितो. त्याला त्या नुसतं "दारुड्या" म्हणायच्या. शेवटी त्यांच्या पसंतीला उतरला तो साधा चाकाचा लायटर. चाक भिजलं तर पुसून, फुंकून, थोडं थांबून पुन्हा ठिणगी देतं. गॅस संपला तरी कापसापुरती ठिणगी पडते. अंग पारदर्शक हवं, म्हणजे आत किती गॅस आहे ते दिसतं. रंग नारिंगी हवा, म्हणजे चिखलात पडला तरी सापडतो. पाठपिशवीत चुकून दाबला जाऊ नये म्हणून खटक्याखाली रबराचं कडं बसवायचं, पण ते कडं दातांनी ओढून काढता आलं पाहिजे. दातांनी का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी नुसतं बादलीकडे बोट दाखवलं.

आपल्या तपासणीच्या टेबलाखालची ती बादली. नव्या मंडळींना वाटतं, मावशींना काहीतरी खूळ आहे. प्रत्येक नव्या मालातून थोडे लायटर वेगळे काढायचे, बादलीत बर्फ टाकायचा, उजवा हात बोटं कळेनाशी होईपर्यंत पाण्यात धरायचा, आणि मग त्या हाताने लायटर पेटवायचा. पेटला तर माल आत, नाही तर परत. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. मग आलं कुठून? ते मी आज मावशींच्या परवानगीने सांगणार आहे. खरं म्हणजे परवानगी घेतलेली नाही. मागितली असती तर मिळाली नसती.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, विजेच्या तारांवर लाइनमन होता. एका हिवाळ्यात पावसात डोंगराच्या वरच्या अंगाला तार तुटली, म्हणून तो आणि त्याचा जोडीदार चढले. जोडीदार सामान आणायला खाली उतरला आणि मधला ओढा फुगला. दादा वर एकटा राहिला. त्याच्याजवळ आपल्या कारखान्याचं किट होतं.

सकाळी लोक पोहोचले तेव्हा तो एका खडकाच्या आडोशाला बसलेला होता. पुढ्यात शेकोटी रचलेली होती. बारीक काटक्या खाली, जाड वर, मधे किटमधला कापूस पिंजून ठेवलेला. कापूस कोरडा होता. सगळं असं नीट होतं, की नुसती काडी लावायची बाकी होती. लायटर मुठीत होता आणि अंगठ्याचं कातडं सोलवटलेलं होतं.

तिथल्या तिथे कोणीतरी तो लायटर पेटवून पाहिला. पहिल्या फटक्यात पेटला. मग वीज खात्याच्या साहेबांनी पेटवला, पोलिसांनी पेटवला. अहवालात ओळ आली, "लायटरमध्ये दोष नाही." लायटरमध्ये दोष नाही, तर मग दोष कोणाचा उरला? आमच्या घरात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. पण भिंतींनाही तो ऐकू येत होता.

दिवसकार्य उरकल्यावर एक बाई आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "त्या किटवर तपासणीची खूण माझी आहे. मला तो लायटर बघायचाय." वहिनीने फळीवरचा लायटर काढून दिला. मावशींनी चाक फिरवलं. ज्योत आली.

त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. मावशी, मला क्षमा करा, पण तुमचा जीव भांड्यात पडला होता. तो कोणाचाही पडला असता. वहिनीनेही ते पाहिलं. ती ओरडली नाही. तिने त्यांचं मनगट धरलं, त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि पिंपावरचं झाकण काढलं. दिवस गारठ्याचे होते. तिने त्यांचा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि शेजारी स्वतःचाही बुडवला. मी मधे पडायला गेलो, तर म्हणाली, "भावजी, तुम्ही लांब राहा."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मग वहिनीने हात बाहेर काढला, त्यांचाही काढला, आणि लायटर त्यांच्या ओल्या मुठीत ठेवला.

"आता पेटवा, बाई."

तेव्हाच्या लायटरला चाकावर एक लोखंडी पट्टी असायची, लहान मुलांनी पेटवू नये म्हणून. ती पट्टी जोर लावून दाबल्याशिवाय चाक फिरत नसे. मावशींचा अंगठा घसरला. पुन्हा घसरला. लायटर हातातून पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा प्रयत्न केला, मग थांबल्या.

वहिनी म्हणाली, "मघाशी तुमचा हात गरम होता. ह्यांचा नव्हता."

मावशी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात बादली आणली. पुढचं मालकांना आठवत असेल. मालक म्हणाले होते, "अहो, लायटर पेटतोय की!" आणि मावशी म्हणाल्या होत्या, "आधी हात घाला, साहेब, मग बोला." मालकांनी हात घातला. हे मी आज मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या कोणी मालकाने घातला नसता. त्यांनी तो सगळा माल परत पाठवला.

पुढे मावशींनीच माझ्यासाठी इथे शब्द टाकला. मला वाटलं होतं, वहिनी नको म्हणेल. ती म्हणाली, "जा. आणि त्या बाई काय करतात ते बघत राहा." मी रोज घरी गेलो की ती विचारायची, "आज घातला हात?" मी म्हणायचो, "घातला." मग ती ताट वाढायची. माझी नोकरी काय होती, लायटर तपासायची की मावशींना तपासायची, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आणि मावशींना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा हात पुसता पुसता म्हणाल्या, "सांग घरी, आज बर्फ जरा जास्तच होता."

मग एका संध्याकाळी वहिनीने विचारलं नाही. भाजी आणायला गेली होती, तिथे तिला मावशी दिसल्या होत्या. पिशवीचे बंद बांधत होत्या आणि बोटं वळत नव्हती. भाजीवाल्याने बांधून दिले. वहिनी पुढे गेली नाही. घरी येऊन भाजी तशीच ठेवून बसून राहिली.

आता तर आपण सगळेच ते हात बघतो. चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांत धरतात. डॉक्टरांनी थंड पाणी कायमचं बंद केलं, म्हणून हा निरोप. वय झालं म्हणून नव्हे.

आपल्याकडे आता चाक फिरवणारं यंत्र आलं आहे. मिस्त्री मला म्हणाले, "यंत्राला संधिवात होत नाही." खरं आहे. पण यंत्राला थंडीही वाजत नाही. म्हणून अध्यक्ष महाराज, निरोपाच्या कार्यक्रमात मागणं मागू नये हे समजत असूनही एक मागणं मागतो. यंत्र राहू द्या, बादलीही राहू द्या. फक्त एकाच माणसाचा हात त्यात नको. आपण सगळे पाळी लावू. शिलाईवाल्या ताई, गोदामवाले काका, मी, जमल्यास आपणही.

मालकांनी मान हलवली आहे. सगळ्यांनी पाहिलं ना? आभारी आहे.

मघाशी पथकाचे प्रमुख म्हणाले, की आपलं किट घेऊन गेलेली माणसं हल्ली त्यांना शेकोटीपाशी बसलेली सापडतात. साहेब, हे वाक्य मी आज घरी नेणार आहे.

वहिनी आज आलेली नाही. मी खूप आग्रह केला. म्हणाली, "मी आले तर त्या रडतील, मग मी रडेन, आणि तुमचं भाषण तसंच राहील." तिने मावशींसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवली आहे, वर लोकरीचं कव्हर स्वतः विणून. आणि एक निरोप दिला आहे. तो तिच्याच शब्दांत सांगतो. "भावजी, मी त्यांचा हात एकदाच पाण्यात घातला होता. त्यांनी तो बाहेर काढलाच नाही. त्यांना सांगा, आता हात बाहेर काढा म्हणावं."

मावशी, सांगितलं.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. कोणाचा उल्लेख राहिला असेल, काही नको ते बोललो असेन, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पिशवीत पाणी मी आत्ताच भरलं आहे, बूचही पुन्हा तपासलं आहे. ते निवायच्या आत मी खाली येतो.