सूप तयार आहे

...आणि वर त्या नर्सबाई मलाच विचारतात, पाकिटातला कागद वाचला नाही का? आता काय सांगू तुम्हाला, मी नववीला जीवशास्त्र शिकवते, ‘शरीराची लाज कसली?’ म्हणत शाळेच्या मंडळाशी वर्षभर भांडले, गर्भाशयाचं हातभर चित्र फळ्यावर काढते, आणि आठ महिने ती पट्टी मीच चुकीची वाचत होते. स्त्रीबीज सुटायची वेळ सांगणारी पट्टी हो, लघवीत बुडवायची, दोन रेघा येतात. मला वाटलं, दुसरी रेघ दिसली की आला दिवस! तर नाही... फिकट रेघ कधीही दिसते म्हणे, पहिलीइतकी गडद झाली तरच खरं. नर्सबाईंना आधीच विचारायचं की नाही? पण कसं विचारणार, पट्ट्यासुद्धा साठ मैलांवरून आणायची मी, गावातल्या दुकानात गल्ल्यावर माझीच विद्यार्थिनी. शरीराची लाज कसली!

बरं, एकटी चुकले असते तर... नवरा माझा, डेल, काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात आहे, हिवाळ्यात बर्फ काढतो, उन्हाळ्यात खड्डे बुजवतो. तिकडे फोनला रेंज नाही, म्हणून घरी खात्याचा वॉकीटॉकी. आमची खूण ठरलेली, ‘सूप तयार आहे.’ फिकट रेघ दिसली की मी सूप कळवायची, बिचारा धावत यायचा, आणि खरी वेळ यायची तेव्हा आम्ही दोघं ‘झालं या महिन्याचं’ म्हणून सोफ्यावर हॉकी बघत बसलेले. आठ महिने! दर महिन्याला पाळी आली की न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, डेलला ऐकू जाऊ नये म्हणून.

नर्सबाईंकडे गेले बुधवारी. गुरुवारी बाहेर हे बर्फाचं वादळ, आणि पट्टीवर दोन्ही रेघा काळ्याकुट्ट. स्रावही अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला तर तुटेना. वॉकीटॉकी उचलला, म्हटलं नॉर्माताई, डेलला सांगा, सूप तयार आहे. नॉर्मा खात्यात निरोप देते, तिचं उत्तर काय, तर बाई, रविवारीच झालं ना सूप? तो उत्तरेच्या रस्त्यावर बर्फ काढण्यात अडकलाय, गरम करून खाईल की उद्या.

आणि माझा तोल गेला.

“सूप नाहीये हो ते. माझं बीज सुटतंय. उद्यावर नाही ढकलता येत.”

मग नॉर्मा हळूच म्हणाली, “किती वेळ आहे, बाई?”

मी काय करावं? शिक्षिकाच ना शेवटी. समजावून सांगितलं! चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटतं, सुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, म्हणून आजच गाठलं पाहिजे, सगळं, सावकाश, मुद्देसूद... आणि मग आठवलं की हे खात्याच्या अकराही गाड्यांमध्ये ऐकू जातंय.

शेवटी त्यातल्याच एका गाडीतून डेलचा जोडीदार, म्हातारा हार्लन खाकरला. “डेल, तुझा रस्ता मी घेतो. जा बाबा घरी.”

आला. पुढचं पंधरा दिवसांनी कळेल, तोवर विचारू नका.

पण सोमवारी नववीला मानवी प्रजननाचा धडा आहे. शरीराची लाज कसली, काय शंका असतील त्या विचारा, असं मी दरवर्षी म्हणते. यंदा कोणी विचारायचं नाही. त्या अकरांपैकी नऊ जणांची मुलं माझ्याच वर्गात आहेत.