ही इमारत कुणी काढली?

आमच्या सानियाच्या आर्किटेक्चरच्या ॲडमिशनची गंमत ऐका. परवडेल आणि नीट शिकवेल असं कॉलेज शोधत आम्ही बापलेक गंगापूरहून संभाजीनगरला आलो. पहिल्या चकाचक कॉलेजात तिनं प्राचार्यांना विचारलं, "सर, ही इमारत कुणी डिझाइन केली?"

ते म्हणाले, "ते काही माहीत नाही. पण एसी आहे सगळीकडं."

दुसऱ्या कॉलेजात फी निम्मी होती, पण भिंतींना ओल आलेली. तिथंही तिनं तेच विचारलं. तिथल्या मॅडम हसल्या. "मीच केली. गच्चीचा उतार चुकला माझा. दाखवू?"

दोघी टेप घेऊन गच्चीवर गेल्या, त्या खाली येईचनात. शेवटी मी खालूनच ओरडलो, "अगं, ॲडमिशन घ्यायची का नाय इथं?"

वरून आवाज आला, "थांबा ना अब्बा! पाणी कुठं मुरतंय ते आत्ताच सापडलंय!"

मी मुकाट्यानं फीच्या खिडकीकडं निघालो.