गॅलनला दोन मैल

...नाही नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा, तुमचं काय जातंय? तुमच्या बायकोने तुमच्या ट्रकला कधी मुदत दिलीय का? माझ्या दिलीय! आमची व्हॉन्डा एक ऑक्टोबरला सकाळी सकाळी माझ्या पिकअपमध्ये चढली, डॅशबोर्डवरचं ते अ‍ॅव्हरेजचं बटण दाबून आकडा पार शून्यावर आणला आणि म्हणाली, "लेरॉय, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मला इथे सोळा दिसले पाहिजेत. गॅलनला सोळा मैल. नाही दिसले, तर हे धूड विकायचं आणि माझ्या बहिणीसारखी छोटी हायब्रीड घ्यायची." आता माझा ट्रक देतो चौदा. कालपासून नाही, अकरा वर्षं झाली, चौदा म्हणजे चौदाच देतो. म्हणजे वाढवायचे किती? दोन. गॅलनला दोन मैल! ऐकायला किती सोपं वाटतं नाही? मलाही वाटलं होतं...

तिचंही अगदीच चूक नाही म्हणा. पोरगी आमची विचिटाला, तिला बाळ झालंय, दर पंधरा दिवसांनी जायचं, आणि जाताना एकदा पंपावर थांबायचं, येताना एकदा थांबायचं. व्हॉन्डा म्हणते, "मला नातीचं तोंड बघायचंय, पंपावरच्या माणसाचं नाही." बरोबर आहे हो! पण तुम्हाला सांगतो, या ट्रकमधून मी काय काय आणलंय... बर्फात जन्मलेलं वासरू पुढच्या सीटवर हीटरसमोर झोपवून आणलंय, ते आज गाय होऊन मला शिंगं दाखवतंय. आणि आमच्याकडे, पश्चिम कॅन्ससमध्ये, समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, झाला रामराम. त्या हायब्रीडच्या डबीतून मी बोट उचललं तर ते दिसणार कुणाला? रस्त्यावरच्या सशाला? माझा जीव आहे हो त्या ट्रकवर, चारचौघांत सांगायला मला लाज नाही वाटत.

मग काय, गेलो शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात. तिथे धान्याच्या कोठाराखाली आमचं कॉफीचं टेबल, रोज सकाळी सहाला हजर, माणसं सात आणि मतं सत्तर. व्हॉन्डाचा भाऊ ग्लेन तिथे अध्यक्षासारखा बसतो, कुणी केलं नाही अध्यक्ष, आपला बसतो. म्हणाला, "लेरॉय, अरे अगदी सोपं आहे! मागचा फाळका पाड. वारा सरळ निघून जातो." लगेच म्हातारा अल्विन उसळला, "वेडा झालास का? फाळका वरच पाहिजे! आत वाऱ्याचा भोवरा होतो आणि वरचा वारा त्यावरून घसरत जातो!" "घसरतो? वारा काय केळ्याच्या सालीवरून चाललाय?" जुंपली की हो दोघांची! अर्धा तास! मी आपला एक आठवडा फाळका पाडून चालवला, एक आठवडा वर करून चालवला. फरक? अजिबात नाही. नाही, खोटं कशाला बोलू, फरक पडला, फाळका पाडला त्या आठवड्यात गुरांच्या चाटणाचे मिठाचे दोन ठोकळे रस्त्यात पडले आणि मागून येणाऱ्या माणसाने मला जे ऐकवलं ते मी फादरसमोरसुद्धा कबूल करणार नाही. आणि हे सगळं कशासाठी? गॅलनला दोन मैल!

मग वजन काढायला घेतलं. हत्यारांची पेटी काढली. साखळदंड काढले. मागची सीट काढली, स्टेपनी काढली, कुंपणाची तार काढली, सीटखालून एक पाना निघाला, जो शेजाऱ्याने चोरला म्हणून मी सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हतो... तो गपचूप खिशात घातला. चाकांत हवा मारली, अशी टणक की रस्त्यातला खडा गेला तरी कवळी वाजायची. व्हॉन्डा ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून सगळं बघत होती. म्हणाली, "लेरॉय, आणखी वजन काढायचं असेल तर स्टिअरिंगमागे एक पोतं बसलेलं असतं, ते काढ." ऐकतोय कोण! आकडा चौदा पूर्णांक आठवर आला आणि तिथे जो बसला तो उठायचं नाव घेईना.

शेवटी मीच डोकं लढवलं. मागच्या उघड्या हौद्यावर ताडपत्री ताणायची आणि गाडी हळू चालवायची. ताडपत्री मिळाली काळी. मध्ये झोळ पडत होता म्हणून खाली पुढून मागपर्यंत एक लांब फळी टेकवली, मग कशी छान घट्ट बसली, मधोमध लांबट उंचवटा. आणि रविवारी चर्चमधून निघालो तो ठरवूनच निघालो, आज लांबचा फेरा घ्यायचा, काउंटीला वळसा घालून, ताशी पंचेचाळीस मैलांनी, त्याच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. पासष्टच्या रस्त्यावर पंचेचाळीस! कुणी मागून ठोकू नये म्हणून समोरचे दिवे लावले, ते व्हॉन्डानेच सांगितलं होतं. ती घरी होती, सर्दीने बेजार, चर्चला आली नव्हती. मी एकटाच. अंगावर रविवारचा काळा कोट.

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं! हळू चाललेली गाडी, दिवसा लावलेले दिवे, मागे काळं झाकलेलं लांबट काहीतरी... आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की ही प्रेतयात्रा आहे, आणि मी, त्रेसष्ट वर्षांचा घोडा, माझे डोळे सगळे त्या आकड्यावर! पंधरा पूर्णांक तीन... पंधरा पूर्णांक सहा... समोरून एक ट्रक आला आणि बाजूला घेऊन थांबला. आतला माणूस उतरला, टोपी काढली, छातीशी धरली. मी म्हटलं वा! गावात बातमी पसरली वाटतं! मी बोट उचललं. त्याने मान खाली घातली. पुढे दुसरा थांबला. ट्रॅक्टरवाला थांबला, अख्खा नांगर घेऊन थांबला हो! मी सगळ्यांना बोट उचलतोय, हसतोय... हसतोय! नंतर कळलं, लोक म्हणत होते, "बिचारा, धक्क्याने डोक्यावर परिणाम झालाय."

आरशात बघतो तर मागे रांग. अकरा गाड्या. सगळ्यांचे दिवे चालू, सगळे पंचेचाळीसने. तुम्हाला सांगतो, माझा ऊर भरून आला. म्हटलं, लेरॉय, तू या काउंटीला इंधन वाचवायला शिकवलंस! दफनभूमीचं वळण आलं, मी आपला सरळ घराकडे गेलो, मागचे निम्मे आत वळले आणि तिथे तासभर थंडीत ताटकळत उभे राहिले. फादर मार्विन पुस्तक उघडून उभे! मला नंतर म्हणाले, "लेरॉय, निदान मला एक फोन तरी करायचास." घरी पोचलो तेव्हा आकडा होता सोळा पूर्णांक चार. सोळा पूर्णांक चार! मी खाली उतरून बॉनेटचा मुका घेतला.

तीन वाजता दार वाजलं. मी होतो गोठ्यात, व्हॉन्डाने उघडलं, नाक लाल, अंगावर गाऊन, केस पिंजारलेले. दारात ओपल, आमच्या पलीकडच्या शेतावरची, दोन्ही हातांत ओव्हनमधून काढलेलं बटाट्याचं भांडं, चीज घातलेलं, वर कुरकुरीत थर, डोळ्यांत पाणी. तिने व्हॉन्डाला बघितलं आणि जी किंकाळी मारली ती मला गोठ्यात ऐकू आली. भांडं नाही सोडलं हं! व्हॉन्डा म्हणाली, "अगं, झालं काय?" ओपल म्हणाली, "तू... तू गेलीस ना?" "कुठे?" "अगं लेरॉय तुला ट्रकमधून घेऊन चालला होता!" "ट्रकमधून? आणि तुझा विश्वास बसला?" आणि ओपल काय म्हणाली माहितेय? म्हणाली, "त्याचं ते इंधन वाचवणं सगळ्या गावाला ठाऊक आहे गं... म्हटलं शववाहिकाही वाचवली असेल!"

आमच्याकडे कुणी गेलं की शेजारीपाजारी भांडं भरून जेवण आणून देतात, तशी सूर्य मावळेपर्यंत तेवीस भांडी आली. तेवीस! बटाटे, बटाटे, हॅम, पुन्हा बटाटे. प्रत्येकजण दारात व्हॉन्डाला बघून दचकायचा, मग म्हणायचा, "बरं, आणलंच आहे तर ठेव." रोज सकाळी बटाटे, रात्री बटाटे, कुत्र्याने तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. आणि व्हॉन्डा? आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. मग बोलली ते एकच वाक्य, "भांडी परत करायला हवीत."

आता आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं, चुकवायची सोय नाही. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही, त्यात काहीतरी घालून द्यायचं, म्हणजे व्हॉन्डाने तेवीस वेळा दालचिनीचे रोल भाजले. आणि तेवीस घरं म्हणजे काय एका गल्लीत आहेत का हो? एक इथे, दुसरं नऊ मैलांवर, तिसरं बारा, सगळे खडीचे रस्ते, समोरून वारा असा की फाळका वर का खाली हा प्रश्नच उरला नाही, फाळका उडून जातोय की काय ही भीती! आणि प्रत्येक दारात व्हॉन्डा म्हणायची, "इंजिन बंद करू नकोस, मला सर्दी आहे, हीटर चालू राहू दे, एका मिनिटात आले." एक मिनिट! आपल्याच मरणाची गोष्ट बायका एका मिनिटात संपवतात का? पाऊण पाऊण तास! आतून हसण्याचे आवाज, बाहेर माझं इंजिन घरघरतंय, आणि माझ्यासमोर तो आकडा... सोळा पूर्णांक दोन... सोळा पूर्णांक एक... मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला. रडलो हो मी. वीस भांडी पोचवली तेव्हा बरोब्बर सोळा. आणि कशासाठी चाललंय हे सगळं? गॅलनला दोन मैल!

शेवटची तीन भांडी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. त्यातलं एक ग्लेनच्या बायकोचं, जाऊन येऊन चाळीस मैल. मी हात जोडले, "व्हॉन्डा, सख्ख्या भावाचं घर आहे, उद्या तोच जेवायला येतोय, भांडं घेऊन जाईल की!" म्हणाली, "पाहुण्याच्या हाती त्याचंच भांडं? माझ्या आईने हे शिकवलं नाही मला." गेलो. दिलं. आलो.

सकाळी टर्की ओव्हनमध्ये टाकून ती बाहेर आली, ट्रकमध्ये चढली, चष्मा लावला. पंधरा पूर्णांक नऊ. मी म्हटलं, "व्हॉन्डा, पंधरा पूर्णांक नऊ म्हणजे सोळाच गं! अख्खी दुनिया त्याला सोळाच म्हणेल!" तिने चष्मा काढला. तीस वर्षं सोसायटीच्या वजनकाट्यावर बसलीय हो ती, अख्ख्या काउंटीचा गहू तिने तोललाय, सख्ख्या बापालाही कधी मूठभर सूट दिली नाही, हे मी लग्नाच्या आधी लक्षात घ्यायला हवं होतं. म्हणाली, "पंधरा पूर्णांक नऊ म्हणजे पंधरा पूर्णांक नऊ." पण उतरताना तिने सीटवर हात फिरवला, मी बघितलं ते. वासराला शेक दिलेली ती जागा.

घेतला कुणी? ग्लेनने! दुसरं कोण! जेवता जेवताच ठरवलं, टर्कीचा पाय हातात धरून. शनिवारी येऊन घेऊन गेला, फाळका पाडून, ताशी ऐंशीने, एक बोटसुद्धा उचललं नाही. मी फाटकापाशी उभा, टोपी काढून छातीशी धरलेली. धूळ खाली बसेपर्यंत उभा होतो. मग आत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसलो, अंधार पडेपर्यंत बसलो... आणि तुम्हाला सांगतो, माझ्या घरातून खरोखर कुणीतरी गेलं होतं त्या दिवशी, पण एक माणूस बटाटे घेऊन आला असेल तर शपथ.