पहिलं वाचन फेकून द्या

कोणीतरी आमच्याशी साफ खोटं बोललंय. कोण, ते नाव मला घेता येत नाही, कारण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतके लोक आमच्याशी इतकं बोलले की त्यातला नेमका हा कोण, हे शोधायला एक समितीच बसवावी लागेल... पण कोणीतरी ठासून सांगितलं होतं की दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणं हे जगातलं सगळ्यात आरामाचं काम आहे. लिहिणारा घाम गाळतो, तपासणारा चहा पितो. काम काय, तर नुसतं वाचायचं.

तुम्हाला सांगतो, जबलपूरला, रिछाईच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. डाव्या हाताला पत्र्याच्या पेट्या ठोकणारे, उजव्या हाताला शेव तळणारे, आणि मधे आम्ही, बाळाचे ठोके मोजणारं मशीन बनवून राहिलो. आईच्या पोटावर पट्टा बांधायचा, आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दिसतात. पुण्याची नोकरी सोडून मी इथं आलो, कारण माझं म्हणणं असं की गावातल्या दवाखान्यातलं मशीन शहरातल्यापेक्षा जास्त चांगलं पाहिजे, कमी नाही, आणि यावर मी अर्धा तास बोलू शकतो, पण आमचे मालक अनुपम भैया मला दुसऱ्याच मिनिटाला थांबवतात. 'सुमेध, भाषण बाद में. विनता मॅडमचा ड्रायव्हर वाच आधी. शनिवारी पहिलं मशीन सिहोऱ्याच्या दवाखान्यात जाऊन राहिलं.'

हा ड्रायव्हर म्हणजे काय, तर मशीनच्या पोटातली चिप काम करता करता तापते. ती किती तापली ते बघायचं, जास्त तापली तर तिला हळू करायचं, लाइट गेली की बॅटरी वाचवायला तिला मधे मधे डुलकी घेऊ द्यायची, डुलकीतून उठवायचं, आणि अगदीच भडकली तर जळायच्या आत मशीन बंद करायचं. हे सगळं कर्नेलमध्ये, म्हणजे मशीनच्या सगळ्यात आतल्या प्रोग्राममध्ये चालतं, आणि ते चालवणारा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. नऊशे ओळी. लिहिणाऱ्या विनता मॅडम, पन्नाशीच्या, वीस वर्षं एका कारखान्यात भट्ट्यांचं तापमान सांभाळलेल्या, बोलणं असं की तार करताना शब्द मोजावेत. आमच्याकडे नियम असा की लिहिणाऱ्याने स्वतःचं पास करायचं नाही. तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, आणि खाली त्याचं नाव कायमचं. हा नियमही मॅडमनीच केलेला. आणि माझं काम काय, तर नुसतं वाचायचं.

वाचायला बसलो आणि पहिल्या दोनशे ओळींतच पाठ ताठ झाली. कारण मशीन तापलं की काय काय सोडायचं, याची त्या बाईंनी रांग लावली होती. आधी पडद्याचा उजेड कमी. मग आलेख काढणं सावकाश. मग बटणांचा आवाज बंद... सगळं मंदावतं, पण ठोका मोजणं मंदावत नाही. नळाला पाणी कमी आलं की आई आधी अंगण धुणं थांबवते, मग कूलरमध्ये पाणी घालणं, पण प्यायचा माठ भरलेलाच असतो ना, तसं. हे कोणी कोडमध्ये लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी चहा घ्यायचा विसरलो.

पण माणसाचा स्वभाव बघा. नऊशे ओळी तपासायच्या आणि एकही चूक काढायची नाही, म्हणजे आपण होतो काहून तिथं? आणि सातशेच्या पुढे मला सापडली. डुलकीतून उठल्यावर, तापमान वाचा. ते फेकून द्या. परत वाचा. आता मला सांगा, वाचायचं आणि फेकायचं? मी ती ओळ काढली, मशीन चाळीस वेळा चालवलं, काही झालं नाही. गेलो मॅडमकडे.

'मॅडम, हे दोनदा काहून?'

'लागतं.'

'मी काढून पाहिलं. चाळीस वेळा.'

'प्लग काढून पाहिलं?'

आमच्या ऑफिसात इन्व्हर्टर आहे. दोन वर्षांत माझ्या टेबलावरचा दिवा मिणमिणलासुद्धा नाही. प्लग काढायचा असतो हे सुचणार कुठून? मी म्हणालो, 'बॅटरीची टेस्ट मार्चमध्येच झाली, कागद लागलेत.' मार्चमध्ये ती ओळ आत होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

'त्या ओळीचा इतिहास वाचलास?' म्हणजे कोणती ओळ कधी आली, काहून आली, याची जी नोंद असते ती.

'वाचतो ना.'

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'बरं. तपासणारा तू आहेस. शब्द तुझा.'

ओळ काढली. खाली नाव टाकलं, तपासणारा, सुमेध. इतिहास वाचायचा राहिला. काम काय होतं हो माझं?

शनिवारी मशीन मांडीवर घेऊन बसने सिहोऱ्याला. तिथल्या दवाखान्यात दीप्ती सिस्टर, माहेर नागपूरचं, त्यामुळे मला मराठीतच दम भरला. 'भैया, ही खाटेवरची पोरगी पहिलटकरीण आहे, बाळाचे ठोके मधेच उतरतात. डॉक्टरसाहेब म्हणाले, ठोके सतत दिसले तर बाळंतपण इथंच. नाही दिसले तर गाडी बोलवायची आणि जबलपूरला न्यायचं. या उन्हात चाळीस किलोमीटर. समजलं नं?' पट्टा बांधला. ठोके आले. एकशे बेचाळीस, एकशे चाळीस... ती पोरगी मान वळवून पडद्याकडे बघत राहिली. माझी छाती फुगली.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. मशीन मिनिटभर बॅटरीवर छान चाललं, आणि मग पडद्यावर अक्षरं आली. तापमान १२७ अंश. सुरक्षेसाठी बंद होत आहे. आणि काळं. मी हात लावून पाहिलं, कोमट होतं, जेवून उठलेल्या माणसाच्या हातासारखं. सिस्टरनी लाकडी नळी घेतली, पोटाला लावली, कान टेकला, आणि दुसऱ्या हाताने मला खुणावलं, की गाडीसाठी फोन करू का? मी म्हणालो, दहा मिनिटं. 'पाच,' त्या म्हणाल्या.

मॅडमना फोन लावला. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ऐकावं लागतं तर बरं होतं. त्या फक्त म्हणाल्या, 'माझी जुनी प्रत मशीनमध्येच आहे. एक मागे जा. मग प्लग काढ. वीस वेळा. मोज.' आणि ठेवला.

मागे गेलो. मशीन उठता उठता लॅपटॉपवर तो इतिहास उघडला, जो मी वाचणार होतो. चार ओळी होत्या. 'बॅटरीवर डुलकीतून एकशे चाळीस वेळा उठवलं. अकरा वेळा पहिलं वाचन १२७, दुसरं बरोबर. सेन्सरच्या पुस्तकात याचा उल्लेख नाही. कारण मला माहीत नाही, म्हणून पहिलं फेकते.'

कारण मला माहीत नाही... तुम्हाला सांगतो, चार वर्षं कॉलेज आणि दोन नोकऱ्या, हे वाक्य कोणी लिहून खाली सही केलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्हाला कारण माहीत नसलं की आम्ही ओळ काढतो. या बाईंना कारण माहीत नव्हतं, तर त्या एकशे चाळीस वेळा बसल्या.

तेवढ्यात लाइट आली होती. मी भिंतीशी उकिडवा बसलो आणि प्लग काढला. लावला. काढला. मोजत होतो. चौदाव्या वेळी लॅपटॉपवर सरकत चाललेल्या नोंदींत ते आलं. पहिलं वाचन १२७, फेकलं. दुसरं ४३, घेतलं. आणि वर पडद्यावर एकशे एकेचाळीस, एकशे बेचाळीस, एकही ठोका न चुकता. त्या पोरीला काही कळलंसुद्धा नाही. एका ओळीने तिची जबलपूरची गाडी टाळली होती, आणि ती ओळ मी फालतू म्हणून काढली होती. डोळ्यांत पाणी आलं तर मी प्लगकडेच बघत राहिलो. काम काय, तर नुसतं वाचायचं, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

विसाव्या वेळी प्लग लावून उठलो. सिस्टरनी नळी ठेवून दिली, फोन खिशात टाकला, आणि माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, 'अच्छा, म्हणजे मागच्या मे महिन्यातल्या त्या चष्मेवाल्या ताई तुमच्याच का? कसलासा तारांचा उघडा डबा घेऊन दोन दिवस इथंच भिंतीशी बसून प्लग काढून राहिल्या, लावून राहिल्या. आम्ही तं वीजवाल्या समजून त्यांना चहाही नाही विचारला, भैया.'