सोळा सोळा पानांचं वर्ष

काकी, वाचनालयातले वडीलधारे, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला उभं केलंत खरं, पण माझं बोलण्याशी कधी जमलं नाही. मी चौथी पास. पाचवीला चार महिने बसलो आणि पळालो. पुढंही कुठं टिकलो नाही. लोट्याला कंपनीत सहा महिने, भाट्याला नारळाच्या बागेत एक पावसाळा, मग मस्कत. तिथं इमारतींच्या सळया बांधतो. हात चालतो, जीभ चालत नाही. म्हणून कागदावर लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

तात्यांचं एक पत्र माझ्याकडे आहे. शेवटचं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. तीन महिने दिलं नाही. ते उत्तर द्यायला आज उभा आहे. दुसरं कारण नाही.

तात्या बायंडर होते हे तुम्हाला सांगायला नको. या वाचनालयातलं कुठलंही जुनं पुस्तक काढा, पाठीला त्यांनी चिकटवलेलं कापड असेल. गेल्या वर्षी माझी सुट्टी संपत आली तेव्हा मी आईची पोथी शिवून घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. खळ वाळेस्तोवर बस म्हणाले. समोर एक कादंबरी उसवून पडली होती. तुम्हीच वाचनालयातून रद्द केलेली. कव्हर नाही, नावाचं पान नाही. मी एक पान वाचलं. मग दुसरं. दिनकर नावाचा एक माणूस चिखलात रुतलेली होडी ढकलत होता.

तात्या चष्म्यावरून बघत होते. म्हणाले, "काय रे मेल्या, निघाली का होडी?"

"नाय अजून."

"मग ने ती."

"उद्या सकाळची गाडी आहे, तात्या. शिवून कधी देणार?"

"शिवत नाहीच. अख्खी दिली तर उशाला घेऊन झोपशील. फर्मा फर्मा पाठवतो."

फर्मा म्हणजे सोळा पानं. पुस्तक असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. सोळा पानं पाकिटात मावतात, खिशातही मावतात. तात्यांनी शब्द पाळला. वर्षभर पाळला. कधी पोस्टानं, कधी आपल्याकडचं कुणी मस्कतला निघालं की कुळथाच्या पिठाबरोबर, आंबापोळीबरोबर.

मंडळी, तुम्ही वर्षाला कपाटं वाचता. मी वर्षात एक पुस्तक वाचलं. पण कसं वाचलं ते सांगतो. तिकडं भर दुपारी काम थांबतं. अर्धवट बांधलेल्या जिन्याखाली मी पाठ टेकून बसायचो. समोर सगळं पांढरं. वाळू पांढरी, आभाळ पांढरं. आणि माझ्या मांडीवर नदी. दिनकरच्या गावची नदी. वाचता वाचता डोळा लागायचा आणि ती नदी सळयांमधून वाहत यायची. जाग आली की पायाला गारवा वाटायचा. खरंच वाटायचा. माझ्यासारख्या एका जागी दहा मिनिटं न बसणाऱ्या माणसाला ती सोळा पानं धरून ठेवायची. संपली की पुन्हा तीच वाचायचो, पुढचं पाकीट येईपर्यंत.

खोलीत जयगडचे हुसेनभाई होते. क्रेन चालवायचे. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण गोष्ट हवी असायची. रोज विचारायचे, "काय गजा, तुझो दिनकर काय करतो?"

चौथ्या पाकिटात दिनकर मेला. मी सांगितलं तर हुसेनभाई जेवण टाकून उठले. पाचव्या पाकिटात तो लग्नाला उभा. हुसेनभाई म्हणाले, "अरे, परवा तर मयत झाली त्याची!" मी म्हटलं, "भाई, मोठे लेखक असंच लिहीत असणार." पुढं त्याची मुलगी नांदायला गेली, आणि त्याच्या पुढं ती जन्माला आली. आम्हाला सवय झाली. पाकीट फोडताना हुसेनभाई विचारायचे, "आज कितको आहे तो? म्हातारो की पोर?"

आता तुम्ही हसताय. हसा. जो फर्मा दुरुस्त होईल तो तात्या आधी पाठवून द्यायचे. त्यात पाखाडीतला सुरेश मस्कतला निघाला, तो व्हिसासाठी मुंबईत दीड महिना अडकला आणि त्याच्या बॅगेत दुसरा फर्मा अडकला. पोस्टाची पाकिटं कंपनीच्या ऑफिसात पडून राहायची, मग नंतरचं आधी, आधीचं नंतर हातात यायचं. पानांवरचे आकडे बघावे, तर वरची कड वाळवीनं खाल्लेली म्हणून तात्यांनी छाटून टाकलेली. आकडे तिथंच गेले. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक बारीक आकडा असतो, तो फर्म्याचा नंबर. तात्यांना वाटलं, हे तर कुणालाही माहीत असतं. पन्नास वर्षं तो आकडा बघणाऱ्या माणसाला असं वाटणारच. मला कुठलं माहीत?

मी तात्यांना लिहिलं, की दिनकर मेला तरी पुढच्या पाकिटांत जिवंत आहे, हे मला फार बरं वाटलं.

त्यावर त्यांचं हे पत्र आलं. वाचतो. "चिरंजीव गजानन, चूक माझी. तळाचा बारीक आकडा बघ. सगळे फर्मे आले की ओळीनं लाव आणि पहिल्यापासून वाच. तू वाचलंस ते पुस्तक नव्हे. वाचून कसं वाटलं ते कळव."

मंडळी, "तू वाचलंस ते पुस्तक नव्हे" एवढंच मला दिसलं. बाकीचं दिसलंच नाही. मला वाटलं, दुकानात चार लोकांना माझं पत्र दाखवून हसले असतील. चौथी पास गेला वाचायला! मी ते पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीत टाकलं. उत्तर नाही. त्यानंतरही पाकिटं येत राहिली. प्रत्येकात तात्यांची चिठ्ठी असायची, दोनच शब्दांची. "पत्र टाक."

टाकलं नाही.

पुढं राग उतरला तेव्हा मी फर्मे ओळीनं लावले. आकड्याप्रमाणं वाचले. सुट्टी मंजूर झाली होती, म्हटलं आता समोर बसूनच सांगू. परवा गाडी सावर्ड्याला चहाला थांबली. आपल्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, "गजा, मयताला आलास का? तुझे तात्या गेले." मी कप तिथंच ठेवला.

काल तात्यांच्या घरी काकींकडे गेलो. काकी म्हणाल्या, "शेवटी शेवटी एकच धरून बसले होते हो. त्या पोरानं आयुष्यात पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि मी ते बिघडवलं, म्हणायचे. पोस्टमन दिसला की उठून बसायचे."

काकी, तुम्हीही ऐका. तात्या, आता हे उत्तर.

बिघडलं नाही, तात्या. मी ओळीनं वाचलं. ओळीनं वाचलं तर दिनकर जन्मतो, होडी चालवतो, म्हातारा होतो आणि मरतो. चांगलं आहे. पण मिटलं की मिटलं. तुम्ही पाठवलं तसं वाचलं तेव्हा तो चौथ्या पाकिटात मेला होता आणि त्याचं सगळं आयुष्य अजून यायचं होतं. मी वर्षभर त्याची वाट बघितली. शेवटचं पाकीट फोडलं त्यात तो सहा वर्षांचा होता. नदीत उभा. आई काठावरून जेवायला हाका मारतेय, आणि तो म्हणतो, येतो गो, एवढी एक बुडी मारून. तिथं सोळावं पान संपलं. हुसेनभाई म्हणाले, "राहू दे त्याला पाण्यात."

तुम्ही हसला असाल असं मला वाटलं, त्याची माफी मागतो. तुम्ही विचारलं होतं कसं वाटलं. असं वाटलं.

मंडळी, मिनिटं मोजू नका. सगळे जरा उभे राहू या. कुणी काही बोलू नका. तात्यांना उत्तर पोचेपर्यंत थांबू.